एपफ्रदीताचे दुखणे

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र २:१९-३०, ४:४-७



फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राला आनंदाचे पत्र म्हणण्याची प्रथा आपल्या मंडळ्यांत रूढ आहे, आणि ती यथार्थ आहे. चार अध्यायांच्या या लहानशा पत्रात आनंद हा शब्द निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा येतो. परंतु या पत्राच्या मध्यावरच एक जिवावरचे आजारपण आहे, दूर राहिलेले घर आहे, बातमीने अस्वस्थ झालेली माणसे आहेत आणि एका प्रेषिताने आपल्या दुःखाविषयी लिहिलेले मोकळे शब्द आहेत. दुसऱ्या अध्यायाच्या अखेरच्या सहा वचनांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्याच अध्यायात आधी आलेल्या, ख्रिस्ताच्या नम्रतेच्या महान वर्णनाच्या तेजात ही वचने झाकोळून जातात. कोण कोणाकडे जाणार, कोणाला केव्हा पाठवायचे, अशी प्रवासाची किरकोळ माहिती समजून आपण ती वाचतो आणि पुढे जातो.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे पाहिलेल्या मंडळीला मात्र ही वचने किरकोळ वाटू नयेत. कोविडची साथ ही जागतिक महामारी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी जाहीर केले. २५ मार्चपासून आपला सबंध देश टाळेबंदीत गेला. त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार आपण बंद दारांआड पाळला. महाराष्ट्रातील मंदिरांची दारे १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत उपासनेसाठी उघडली नाहीत. पुढे एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी, खाटेसाठी आणि अखेरीस दफनभूमीतील जागेसाठी झालेली धावपळ कोणाला सांगावी लागत नाही. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे घोषित केले. परंतु मनावरील आघाताला अशी समाप्तीची तारीख ठरवून देता येत नाही. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे याच संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. ही वाढ ज्यांच्यात झाली ती माणसे केवळ इस्पितळांत नव्हती. ती आपल्या बाकांवरही बसलेली होती आणि त्यांपैकी काही आजही बसलेली आहेत.

त्या काळात मुलांच्या शाळेविषयी आणि वृद्धांच्या प्रकृतीविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते आवश्यकच होते. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या प्रौढ माणसाविषयी मात्र फार थोडे बोलले गेले. घरात सर्वांना धीर देण्याचे काम त्याच्याकडे होते. नोकरी गेल्याचे त्याने महिनाभर कोणाला सांगितले नाही. सासू, नवरा आणि मुले अशी तिघांची शुश्रूषा करून नंतर स्वतः आजारी पडलेल्या गृहिणीला तू कशी आहेस असे विचारायला कोणी उरले नव्हते. एका आठवड्यात चार दफनविधी करून रात्री घरी परतलेल्या पाळकाने आपले मन कोणापुढे मोकळे करावे, याची तरतूद आपल्या मंडळ्यांच्या नियमावलीत नव्हती. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणी नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी गावाकडचा आईचा वा वडिलांचा दफनविधी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती. ज्या विधीत आपण एकमेकांच्या गळ्यात पडून रडतो, तो विधी हात न लावता उरकावा लागला. अशा माणसांसाठी पवित्र शास्त्रात काही आहे काय? आहे, आणि ते एपफ्रदीताच्या दुखण्यात आहे.

एपफ्रदीत हा फिलिप्पै येथील मंडळीचा माणूस. पौल बंदिवासात होता. परंपरेनुसार हा बंदिवास रोम येथील. काही अभ्यासक इफिस किंवा कैसरिया ही नावे सुचवितात. स्थळ कोणतेही धरले तरी पौल जिथे होता ती जागा त्याच्या इच्छेची नव्हती आणि बाहेर पडणे त्याच्या हाती नव्हते. मंडळीने त्याच्यासाठी देणगी जमविली आणि ती घेऊन एपफ्रदीताला पाठविले. केवळ देणगी पोचविणे एवढेच त्याचे काम नव्हते. मंडळीच्या वतीने पौलाची सेवा करावी असाही हेतू होता. आणि हा सेवेकरीच आजारी पडला, इतका की मरणाच्या दारापर्यंत गेला. त्याच्या दुखण्याची बातमी कशी कोण जाणे फिलिप्पैला पोचली. आपल्या लोकांना ती कळली, हे एपफ्रदीताला कळले. मग तो घरच्यांच्या ओढीने व्याकूळ झाला. पौल सांगतो ते कारण लक्षात घ्या. आपण आजारी आहोत यापेक्षा आपल्या आजाराचे त्यांना कळले, याने तो अधिक व्यथित झाला.

ज्यांनी २०२१ च्या उन्हाळ्यात इस्पितळातून घरी फोन केला त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी असताना, एका वाक्यात दोनदा दम लागत असताना, माणसे पलीकडच्या माणसाला म्हणत होती की मी बरा आहे, तुम्ही जेवून घ्या. ज्याची काळजी करायची तोच काळजी करणाऱ्यांची काळजी करीत होता. एपफ्रदीताची आणि आपली ओळख इथे पटते.

आता मूळ भाषेतील काही शब्दांकडे वळू. भाषांतर करणाऱ्याला एकेका शब्दापाशी थांबण्याची सवय असते. कधी कधी त्या थांबण्यातून सबंध उताऱ्याचा अर्थ उघडतो.

एपफ्रदीताच्या व्याकूळतेसाठी पौलाने जे ग्रीक क्रियापद योजले आहे ते 'अदेमोनेओ'. नव्या करारात ते केवळ तीन ठिकाणी येते. एक हे. उरलेली दोन मत्तयाच्या आणि मार्काच्या शुभवर्तमानांत आहेत आणि दोन्ही ठिकाणी ते गेथशेमाने बागेतील प्रभू येशूविषयी आहे. ज्या रात्री प्रभूने आपल्या तिघा शिष्यांना जवळ घेतले आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झाला असल्याचे त्यांना सांगितले, त्या रात्रीच्या त्याच्या अवस्थेला सुवार्तिकांनी जो शब्द लावला, तोच शब्द पौलाने एका आजारी, घरच्या आठवणीने कासावीस झालेल्या सामान्य सेवकाला लावला. बंधुभगिनींनो, या शब्दाची साक्ष आपण गंभीरपणे घेतली पाहिजे. मनाची ही अवस्था जर केवळ अविश्वासातून उद्भवत असती, तर सुवार्तिकांनी ती देवाच्या पुत्राच्या ठायी नोंदविली नसती. छातीत धडधड होणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, कारण नसताना रडू फुटणे, एकटेपण असह्य होणे, या गोष्टी घडल्या म्हणजे आपण प्रभूपासून दूर गेलो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या बागेत प्रभू आपल्या आधी जाऊन आला आहे.

दुसरा शब्द 'मेरिम्ना'. चौथ्या अध्यायात पौल चिंतेविषयी जी सुप्रसिद्ध आज्ञा देतो तिच्यात या नामापासून झालेले क्रियापद आहे. कशाचीही चिंता न करता आपली मागणी देवाला कळवा, असा त्या वचनाचा आशय आहे. महामारीच्या काळात हे वचन जितके पाठविले गेले तितके क्वचितच दुसरे कोणते पाठविले गेले असेल. परंतु दोनच अध्याय मागे, तीमथ्याची शिफारस करताना, पौल तेच क्रियापद वापरतो, आणि तेही स्तुतीपर! तीमथ्यासारखी मनापासून तुमची चिंता वाहणारा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही, असे तो सांगतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (११:२८) तर तो आपल्या दुःखांची यादी देताना सर्व मंडळ्यांविषयीची मेरिम्ना आपल्यावर रोज चाल करून येते असे लिहितो. मग पौल स्वतःचीच आज्ञा मोडतो काय?

या कोड्याचे उत्तर देण्यास आपली मायबोली ग्रीक भाषेइतकीच समर्थ आहे. आपण 'काळजी करतो' आणि 'काळजी घेतो'. शब्द एकच, क्रियापद बदलले की दिशा बदलते. काळजी करणारा माणूस एकटा आपल्याभोवती फिरत राहतो. काळजी घेणारा दुसऱ्याकडे जातो. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे, आणि ते मूळ प्रेम आहे. ज्याच्यावर प्रेम नाही त्याची काळजी कोणालाच वाटत नाही. त्या दोन वर्षांत फोनवरील प्रत्येक संभाषणाच्या शेवटी आपण 'काळजी घ्या' असे म्हणत होतो. ते म्हणतानाच मनात काळजी करीत होतो. म्हणून पौलाची आज्ञा प्रेम थांबविण्याची नाही, तसेच मन दगडाचे करण्याचीही नाही. काळजीला देवाकडे वाट करून द्या, ती आत कोंडू नका, असे ती आज्ञा सांगते. त्याच वचनात प्रार्थना, विनंती आणि मागणी असे तीन शब्द एकापुढे एक आले आहेत, ते याचसाठी. ज्याच्यापाशी सांगण्यासारखी काळजीच नाही, त्याला विनंतीचे प्रयोजन काय?

यास्तव हे वचन खचलेल्या माणसाच्या हाती आधाराची काठी म्हणून द्यावे. त्याच्या पाठीवर ती उगारू नये. तुझा विश्वास कमी पडला म्हणून तुला भीती वाटते, असे ज्यांना सांगितले गेले ते पुन्हा कोणापाशी बोलले नाहीत. उपासनेत ते हसतात. प्रभूची स्तुती असो, सर्व ठीक आहे, एवढेच त्यांचे उत्तर असते. विश्वासणाऱ्याला रोग शिवणारच नाही, अशी जी शिकवण त्या काळात काही ठिकाणी दिली गेली, तिचाही येथे विचार केला पाहिजे. ९१ व्या स्तोत्रातील संरक्षणाच्या अभिवचनावर आपण भरवसा ठेवतो. परंतु त्या स्तोत्राचा हमीपत्रासारखा उपयोग मंदिराच्या शिरोभागी कोणी केला, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात पाहा. एपफ्रदीत अविश्वासामुळे आजारी पडला नाही. तो ख्रिस्ताच्या कार्यासाठीच मरणाच्या दारी गेला, असे पौल स्पष्ट लिहितो. मिलिता बेटावर ज्याच्या प्रार्थनेने रोगी बरे झाले, त्याच पौलाला त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे जावे लागले. त्यासाठी तो त्रफिमाला दोष देत नाही.

तिसरा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. एपफ्रदीत मेला असता तर एका दुःखावर दुसऱ्या दुःखाचा थर चढला असता, परंतु देवाने केवळ त्याच्यावरच नव्हे तर माझ्यावरही दया केली, असे पौल म्हणतो. पुढे तो लिहितो की एपफ्रदीताला मी त्वरेने पाठवीत आहे, त्याला पाहून तुम्हाला आनंद होईल आणि मी 'आलुपोतेरोस' होईन. या विशेषणाचे रूप तुलनात्मक आहे. दुःखरहित असा त्याचा अर्थ नाही. 'कमी दुःखी' असा आहे. आनंदाच्या पत्राचा लेखक, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा असे शिकविणारा प्रेषित, आपल्याविषयी एवढीच अपेक्षा बाळगतो की आपले दुःख थोडे हलके व्हावे. भाषांतर करताना अशी तुलनात्मक रूपे सपाट करून टाकण्याचा मोह होतो. 'माझे दुःख दूर होईल' असे लिहिले तर वाक्य अधिक गोड वाटते. पण पौलाने तसे लिहिले नाही, आणि ज्याचा जोडीदार २०२१ च्या मे महिन्यात गेला त्या विधवेला किंवा विधुराला पौलाचे खरे वाक्यच ऐकू आले पाहिजे. तुमचे दुःख उद्या सकाळी नाहीसे होईल असे अभिवचन शास्त्र देत नाही. ते कमी होऊ शकते, आणि कमी होणे हीसुद्धा देवाची दया आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत दुःखावर दुःख म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी येते. १८७४ मध्ये दुष्काळाच्या हालअपेष्टांत त्यांचे वडील आणि आई गेली. पुढे बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी विवाह झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या रोगाने पती बिपिनबिहारी मेधावी यांना नेले. तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाईही गेल्या. मूळ भाषांवरून मराठी बायबल तयार करण्याच्या कार्यात आयुष्याच्या अखेरपर्यंत गुंतलेल्या रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूत निजल्या. त्यांचे कार्य सांगताना आपण केडगावच्या इमारती आणि आश्रय मिळालेल्या स्त्रियांची संख्या सांगतो. हे मृत्यू मात्र एका ओळीत उरकतो. थोर माणसांना दगडी पुतळे बनविण्याची आपल्याला सवय जडली आहे. त्यामुळे आपल्या घरातील सामान्य माणूस रडला तर तोच आपल्याला दुबळा वाटू लागतो.

जर्मनीतील सुधारकाचीही गोष्ट अशीच आहे. १५२७ च्या ऑगस्टमध्ये विटेनबर्ग नगरात प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले, परंतु मार्टिन ल्यूथर नगरातच राहिला आणि त्याच्या घराचे जणू रुग्णालय झाले. त्या काळात त्याने एका दीर्घ पत्रातून साथीत ख्रिस्ती माणसाने कसे वागावे याचा सल्ला दिला. औषध घ्यावे, घर शुद्ध राखावे, जेथे आपली गरज नाही तेथे जाऊ नये, पण शेजाऱ्याला गरज असेल तेथे जाण्यास मागेपुढे पाहू नये, असा त्याचा भावार्थ आहे. या समंजस सल्ल्याची आठवण २०२० मध्ये पुष्कळांनी काढली. परंतु हे पत्र लिहिणारा माणूस त्याच वर्षी, प्लेग येण्यापूर्वीच जुलै महिन्यात, शरीराने कोसळला होता आणि अनेक महिने खोल मानसिक क्लेशांतून जात होता, हे फारसे सांगितले जात नाही. दुसऱ्यांना धीर देणारा स्वतः धीर शोधत होता. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी, एकाच वर्षात खऱ्या होत्या.

आता आपल्या उताऱ्यातील अखेरच्या मुद्द्याकडे येऊ. एपफ्रदीताला मंडळीने सेवेसाठी पाठविले होते आणि तो ठरल्यापेक्षा आधी परत निघाला होता. गावात कुजबुज होण्यास एवढे पुरेसे होते. पाठविले कशासाठी आणि आला कसा? घरच्या आठवणीने रडला म्हणे! पौलाला हे दिसत असावे. म्हणून तो एपफ्रदीताच्या हाती ओळखपत्रच देतो. माझा बंधू, माझा सहकारी, माझा सहसैनिक, तुमचा प्रतिनिधी आणि माझ्या गरजेत सेवा करणारा, अशी पाच विशेषणे तो त्याला लावतो. त्याला आनंदाने स्वीकारा आणि अशा माणसांचा मान राखा, असे सांगतो. त्याने आपला जीव पणाला लावला, असे म्हणताना जुगारात डाव लावण्याची छटा असलेले क्रियापद तो योजतो. थकून परत आलेल्या माणसाला अपयशी ठरवू नका. तो रणातून आला आहे, असा याचा अर्थ आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत असे एपफ्रदीत आहेत. परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, रुग्णवाहिका चालविणारे आहेत, दफनभूमीत खड्डे खणणारे आहेत, घरी रुग्णांची शुश्रूषा केलेल्या स्त्रिया आहेत, पाळक आहेत. आजारातून उठल्यावर पुष्कळ महिने थकवा न गेलेले, विसराळूपणा आलेले, पूर्वीसारखे काम न झेपणारे आहेत. त्यांपैकी कोणी मंडळीतील जबाबदारी सोडली असेल, गायनमंडळात येणे थांबविले असेल, शब्बाथशाळा शिकविण्यास नकार दिला असेल. त्यांच्याविषयी आपण काय बोललो? पौलाने एपफ्रदीताविषयी लिहिले तसे लिहिणारे, मान राखून विश्रांती देणारे त्यांना कोणी भेटले काय?

विश्रांती देणे ही देवाचीच रीत आहे. १ राजे १९ व्या अध्यायात एलीया रानातील झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करून आरंभ करीत नाही. देवदूत त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. तू येथे काय करीत आहेस, हा प्रश्न पुढे होरेबाच्या डोंगरावर येतो. त्याच्या हाती पुन्हा काम येते आणि अलीशाच्या रूपाने सोबतीही मिळतो. झोप, अन्न, संभाषण, काम आणि सोबत हा क्रम आजचा कोणताही जाणकार वैद्य मान्य करील.

काही व्यावहारिक गोष्टी सांगणे हे माझे कर्तव्य आहे. चिंता आणि दुःख हे आजार नव्हेत. ते माणूसपणाचे भाग आहेत. परंतु दोन आठवडे वा अधिक काळ मन सतत उदास राहिले, कशातच गोडी उरली नाही, झोप आणि भूक बिघडली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. प्रिय माणसाच्या वियोगाचे दुःख अनेक महिने उलटूनही इतके तीव्र राहिले की रोजचे जगणेच थांबले, तर त्यालाही मदतीची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील सुमारे १० टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले होते, आणि त्यांपैकी बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. ही महामारीपूर्वीची स्थिती होय. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वासाचा प्रश्न उपस्थित करीत नाही. मनाच्या आजाराच्या गोळीपाशी तो का उपस्थित करावा? लूक हा वैद्य होता, आणि कलस्सैकरांस लिहिताना पौल त्याचा उल्लेख प्रिय वैद्य असाच करतो.

ज्याच्या मनात जीवन संपविण्याचा विचार येतो त्याला मी प्रभूच्या नावाने विनवितो की हा विचार आजच कोणाला तरी सांगा. एलीयाने आपल्या देवाला सांगितले, आणि देव त्याच्यावर रागावला नाही. भारत सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. आणि ज्याला असा विचार कोणी सांगेल, त्याने घाबरून वचने पाठ म्हणू नयेत. जवळ बसावे, ऐकावे, एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे स्वतः सोबत जावे.

मंडळी म्हणूनही आपल्याला काही करता येईल. ज्यांचे दफन २० माणसांच्या उपस्थितीत उरकले, त्यांच्यासाठी एखाद्या रविवारी स्मरणाची उपासना ठेवावी. नावे एकेक करून वाचावीत. गर्दीमुळे जे गावाकडे जाऊ शकले नाहीत त्यांच्या माणसांचीही वाचावीत. उशीर झाला असे म्हणू नये. शोकाला स्थळ आणि शब्द मिळाले की त्याचे ओझे थोडे उतरते. ८८ व्या स्तोत्रासारखी स्तोत्रे त्या दिवशी वाचावीत. त्या स्तोत्रात शेवटी उजेड येत नाही. मूळ इब्री पाठात त्याचा शेवटचा शब्द अंधार हा आहे. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, कारण अंधारात उभा असलेला तो मनुष्य देवाशीच बोलत आहे. मंडळीच्या वडीलजनांनी घरभेटीत प्रार्थनेपूर्वी दोन साधे प्रश्न विचारावेत : झोप लागते काय? जेवण जाते काय? आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबावे. पाळकांना वर्षातून काही दिवस खरी सुटी द्यावी आणि त्यांचीही विचारपूस करणारा कोणी नेमावा.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या भागात पौल आपल्या वाचकांचे आभार मानतो, ते त्यांनी त्याच्या संकटात सहभागी होऊन चांगले केले म्हणून. त्यांनी त्याचे संकट दूर केले नाही. तो बंदिवासातच होता. त्यांनी एक माणूस पाठविला. तो माणूस आजारी पडला, कासावीस झाला, वाचला आणि परत गेला. बहुधा हेच पत्र त्याने आपल्या पिशवीतून नेले असावे. आनंदाचे पत्र मंडळीत पोचविणारा तो माणूस असा होता. ज्या शांतीविषयी पौल पुढे लिहितो, जी सर्व बुद्धीच्या पलीकडची आहे, ती पहारेकऱ्यासारखी अंतःकरणाचे आणि विचारांचे रक्षण करते असे तो सांगतो. पहारा जेथे भय असते तेथेच ठेवला जातो. आपल्या भयभीत मनाभोवती प्रभू आपला पहारा ठेवो, आणि त्या पहाऱ्यावर आपल्यालाही एकमेकांसाठी उभे करो.

आपण प्रार्थना करू या. हे दयाळू पित्या, ज्यांनी त्या वर्षांत आपली माणसे गमावली आणि ज्यांना रडण्यास अवधी मिळाला नाही, त्यांना आता रडू दे. ज्यांना झोप नाही त्यांना झोप दे. जे खचले आहेत त्यांना कोणी तरी विचारणारा दे, आणि तो विचारणारा होण्याचे धैर्य आम्हाला दे. डॉक्टरांच्या हातांना आणि औषधांना यश दे. गेथशेमानेत व्याकूळ झालेल्या तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने ही विनंती आम्ही करतो. आमेन.